छप्पर नवं, पण घर गळतंय: कामाचा हिशेब कसा मागायचा?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण, वाचक मैत्रिणींसाठी थोडं वाढवून)



आपल्या चाकण भागात एप्रिल-मे म्हणजे छपरांचे महिने. नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळी, मेदनकरवाडी, कुठल्याही वस्तीत जा. कुठे जुनी कौलं उतरवत असतात, कुठे सिमेंटचे पत्रे काढून रंगीत पत्रे चढवत असतात. मृग लागायच्या आत घर झाकायचं, ही सगळ्यांची घाई. याच दिवसांत गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात आणि त्यावर कारण लिहिलेलं असतं, ‘घरदुरुस्ती’.

मग जून संपता संपता त्याच बैठकीत दुसरं बोलणं सुरू होतं. “ताई, नवा पत्रा टाकला, पण पाणी नेमकं धान्याच्या कोठीवर पडतंय.” “मिस्त्री फोनच उचलत नाही.” घरात नवरा म्हणतो, तूच ठरवला होतास. सासूबाई म्हणतात, यापेक्षा आमची कौलं बरी होती. बाई गप्प बसते आणि बादली मांडते. छप्पर गळलं म्हणून गटाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणजे एकाच कामासाठी ती दोनदा पैसे भरते, एकदा कर्ज फेडायला आणि पुन्हा दुरुस्तीला.

म्हणून आज एवढंच सांगायचं आहे. पैसे देऊन काम करून घेणारी बाई त्या कामाची मालकीण असते. काम खराब झालं तर ते दाखवणं म्हणजे भांडण नाही, तो आपल्या पैशाचा हिशेब आहे. पण हा हिशेब मागायला तीन गोष्टी हातात लागतात: काम कसं असतं याची माहिती, लिहिलेला कागद आणि राखून ठेवलेले थोडे पैसे.

पत्रा गळतो का आणि उडतो का?

पत्र्याच्या कामातलं आपल्याला काय कळतं, असं पुष्कळ जणी म्हणतात. अहो, भाकरी भाजली की कच्ची राहिली हे जसं बघून कळतं, तसंच हेही बघून कळतं. कुठे बघायचं तेवढं माहीत हवं.

पहिली गोष्ट पत्र्याची जाडी. बोली होते ०.५० मिलिमीटरची आणि घरावर चढतो ०.३५ चा. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण काट्याला कळतो. चार फूट रुंदीच्या सपाट पट्टीपासून बनवलेला दहा फुटी लोखंडी पत्रा ०.५० मिलिमीटरचा असेल तर साडेचौदा किलोच्या आसपास भरतो. तोच ०.३५ चा असेल तर दहा किलोच्या आसपास. आपल्याकडे कांदा मोजायचे काटे घरोघर आहेत. टेम्पोतून पत्रे उतरवताना एक पत्रा काट्यावर ठेवायला पाच मिनिटं लागतात. चांगल्या कंपनीच्या पत्र्यावर नाव, जाडी आणि आयएसआय चिन्ह छापलेलं असतं. त्या चिन्हाजवळचा परवाना क्रमांक खरा की खोटा, हे मोबाईलवरच्या ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये तपासता येतं.

दुसरी गोष्ट उतार. साधारण पाच फुटांना एक फूट उतार असावा. याहून सपाट ठेवला तर पाणी रेंगाळतं आणि सांध्यातून मागे शिरतं. पत्रा वाचवण्यासाठी उतार कमी करणं ही नेहमीची काटकसर आहे, आणि ती पुढे महागात पडते.

तिसरी गोष्ट पत्र्यावर पत्रा किती चढवला. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर निदान सहा इंच आला पाहिजे. उतार कमी असेल तर आठ-नऊ इंच. बाजूला बाजू जोडताना नालीच्या पत्र्याला दीड ते दोन नाल्या एकमेकींवर बसल्या पाहिजेत. एक पत्रा वाचावा म्हणून ही चढ कमी केली, तर वारा-पावसात पाणी आत येणारच.

यातच वाऱ्याची दिशा येते. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पत्रे टाकायला पूर्वेच्या टोकाकडून सुरुवात करून पश्चिमेकडे जावं. म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. उलटं टाकलं तर प्रत्येक जोड वाऱ्याला तोंड उघडून बसतो.

चौथी गोष्ट स्क्रू आणि वायसर. नालीच्या पत्र्यात पाणी खालच्या खोलगट भागातून वाहतं, म्हणून भोक वरच्या उंचवट्यावर पाडायचं. खोलगट भागात स्क्रू मारला म्हणजे वाहत्या पाण्यात भोक ठेवलं. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वायसर हवा, तोही नीट दबलेला. सैल असेल तर पाणी शिरतं, फार आवळला तर रबर फाटतं आणि पत्रा तिथे चेपतो. एकच भोक दोनदा पाडलं असेल आणि पहिलं तसंच सोडलं असेल, तर खाली उभं राहून वर बघा, उजेडाचा ठिपका दिसेल.

पाचवी गोष्ट पत्रा आणि भिंत यांचा सांधा. शेजारच्या उंच भिंतीला आपला पत्रा टेकतो तिथे सगळ्यात जास्त गळतं. नुसतं सिमेंट थापून हा सांधा टिकत नाही. पत्रा उन्हानं तापून पसरतो, रात्री आकसतो आणि सिमेंटला चीर पडते. भिंतीत खाच घेऊन पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवायला सांगा. आढ्यावरचं झाकण दोन्ही बाजूंना पुरेसं खाली आलं आहे का, तेही बघा.

सहावी गोष्ट दिसायला किरकोळ, पण पत्र्याचं आयुष्य खाणारी आहे. ग्राइंडरने पत्रा कापला की गरम ठिणग्या आणि लोखंडाचा कीस पत्र्यावर चिकटतो. वरचा जस्ताचा थर तिथे जळतो आणि दोन पावसांत तांबडे डाग उमटतात. काम संपल्यावर पत्रा झाडून घ्यायला सांगा. वेल्डिंगच्या जोडांवर रेड ऑक्साइडचा हात पत्रे चढवण्याआधी मारून घ्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

आता पत्रा उडण्याबद्दल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. समुद्र आपल्यापासून इतका लांब, तरी आपल्या खेड तालुक्यासह मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव या भागांत घरांचे पत्रे उडाले. वारा पत्र्याला नुसता ढकलत नाही. पत्र्यावरून जाताना तो त्याला वर ओढतो, आणि वळचणीखालून किंवा उघड्या दारातून आत घुसलेला वारा खालून रेटा देतो. म्हणून वर दगड आणि वाळूच्या गोण्या ठेवून भागत नाही. तेच दगड घरंगळून खाली कुणाच्या डोक्यात पडू शकतात. पाइप किंवा अँगल भिंतीत धरलेला हवा. तो बोल्टने, लोखंडी पट्टीने किंवा काँक्रीटमध्ये पक्का बसवला पाहिजे. भिंतीवर पाइप नुसता ठेवून बाजूने दोन विटा रचल्या असतील, तर ते काम पुरं झालेलं नाही असं समजा. वळचणीला आणि कडेच्या पत्र्यांना ओढ सगळ्यात जास्त बसते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ हवेत.

स्लॅबचं काम असेल तर दोन गोष्टी सांगते. नव्या स्लॅबवर दहा-चौदा दिवस पाणी मारलं पाहिजे, त्यात कुचराई नको. वॉटरप्रूफिंग झाल्यावर कडेने बांध घालून, वर दोन-तीन इंच पाणी एक-दोन दिवस साठवून बघा. खाली ओल आली नाही तरच काम झालं म्हणा.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील, तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी कॅन्सरसारखे आजार होऊ शकतात. म्हणून ते हातोड्याने फोडू नका. आधी पाण्याने भिजवा, अख्खे उतरवा, तुकडे अंगणात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात टाकू नका. लेकरांना त्या दिवशी शेजारी पाठवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन कुणी थेट चालू नये. फळी आडवी टाकूनच वर जावं. पत्रा मोडून माणूस खाली पडण्याचे अपघात याच कामात होतात.

काम देताना: सामान वेगळं, मजुरी वेगळी

शक्य असेल तर सामान आपण स्वतः दुकानातून आणावं आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्यावी. पक्कं बिल आपल्या नावावर घ्यावं, त्यावर पत्र्याची कंपनी, जाडी आणि नग लिहून घ्यावेत. रंगीत पत्र्याचं वॉरंटी कार्ड मिळत असेल तर ते बिलाला टाचून ठेवावं. म्हणजे उद्या पत्रा खराब निघाला तर दुकानदार आणि कंपनी जबाबदार, काम खराब निघालं तर मिस्त्री जबाबदार. दोन्ही एकाच्याच अंगावर टाकलं असेल, तर काम आणि माल दोन्हींची जबाबदारी त्याचीच, हे कागदावर लिहून घ्यावं.

मजुरी एकरकमी देऊ नये. समजा मजुरी २०,००० रुपये ठरली. कामाला सुरुवात करताना ५,००० द्या. सांगाडा उभा राहिला, पाइप भिंतीत पक्के बसले आणि पत्रे अजून चढले नाहीत, तेव्हा बघून ७,००० द्या. पत्रे बसल्यावर ५,००० द्या. राहिलेले ३,००० पहिला जोराचा पाऊस झाल्यावर. आकडे आपापल्या कामाप्रमाणे बदलतील, पण शेवटचा हप्ता पावसानंतर, हे बदलू नका. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही. कारण त्याला स्वतःच्या कामाची खात्री असते.

आता कागद. मिस्त्री भावकीतला असतो, ओळखीचा असतो, म्हणून लिहून मागायची लाज वाटते. अशा वेळी गटाचं नाव पुढे करा: “दादा, गटाचं कर्ज आहे, गटाला कागद लागतो.” हे खोटंही नाही. साध्या कागदावर एवढं लिहा:

काम देणारीचं नाव आणि पत्ता. काम घेणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाईल. काम काय: किती लांबी-रुंदीचं छप्पर, किती उतार, कुठल्या जाडीचा पत्रा, कुठला पाइप. सामान कोण आणणार. उक्ती मजुरी किती आणि हप्ते कधी. काम कधी सुरू, कधी संपणार. एका वर्षात गळती निघाली तर मजुरी न घेता दुरुस्त करून देणार. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या, तारीख.

या कागदाचा फोटो काढून मिस्त्रीला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याने “ठीक आहे” एवढंच उत्तर दिलं तरी ते जपून ठेवा. पैसे देताना शक्यतो फोनवरून किंवा बँकेतून द्या. रोख दिले तर वहीत सही घ्या.

आणि एक. पावसाची वाट न बघता, मिस्त्री गावात असतानाच पाणी मारून बघा. नळी आधी वळचणीजवळ धरा, मग हळूहळू वर आढ्याकडे न्या. एक जण वर, एक जण घरात खडू घेऊन. खालून सुरुवात का? कारण वरून पाणी सोडलं की ते सगळीकडून वाहतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही.

गळतंय, आता काय?

पहिल्यांदा जीव सांभाळा. तारांवर, बोर्डावर पाणी पडत असेल तर मेन स्विच बंद करा. ओल्या पत्र्यावर कुणी चढू नका. लोखंडी पत्र्याला कुठे उघडी तार टेकली असेल तर सगळं छप्पर शॉक मारू शकतं.

मग फोटो. ताडपत्री टाकण्याआधी गळतीचे फोटो आणि व्हिडिओ काढा. आधी सगळी खोली दिसेल असा, मग जवळून. भिजलेलं धान्य, गादी, वह्या यांचेही काढा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. त्यानंतर मात्र ताडपत्री टाका, सामान हलवा. “त्याने केलंय, तोच बघेल” म्हणून नुकसान वाढू दिलं, तर वाढलेलं नुकसान मागताना आपलीच बाजू पडते.

इथे मिस्त्रीवर अन्यायही होऊ नये. हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतून थेंब पडतात ते दव असतं, गळती नव्हे. नंतर डिशवाल्याने अँटेना बसवताना भोक पाडलं असेल, पोरांचा चेंडू बसून पत्रा चेपला असेल, तर तो दोष मिस्त्रीचा नाही. आपण सांगून उतार कमी करून घेतला असेल, तर तेही आठवा. खरं तेवढंच लिहिलं की आपलं म्हणणं टिकतं.

आता यादी करा. “सगळं काम भंगार केलं” असं बोलून काही निघत नाही. असं लिहा: “स्वयंपाकघरात पश्चिमेच्या भिंतीच्या सांध्यातून पाणी येतं. मधल्या खोलीत तीन स्क्रूंखाली वायसर नाहीत. आढ्यावरचं झाकण एका बाजूला उघडं आहे.” अशी यादी समोर ठेवली की मिस्त्रीलाही टाळता येत नाही.

त्याला बोलवा आणि त्या वेळी गटातल्या दोघींना बसवून घ्या. पुष्कळदा मिस्त्री दारात येऊन म्हणतो, “मालकांना बोलवा, बाईमाणसाशी काय बोलायचं.” शांतपणे सांगा, “दादा, कर्ज माझ्या नावावर आहे, कागदावर सही माझी आहे, माझ्याशीच बोला. तुमच्याशी भांडण नाही. या चार जागा आहेत, चला दाखवते. आठ दिवसांत करून द्या, राहिलेले पैसे तयार आहेत.” शेवटचं वाक्य विसरू नका. पैसे तयार आहेत हे कळलं की अर्ध्याहून जास्त कामं इथेच मिटतात. त्याने दिलेली तारीख त्याच दिवशी त्याला संदेशात लिहून पाठवा.

तो फक्त वरून सिलिकॉन किंवा डांबर लावून जातो म्हणाला तर? चुकून पडलेल्या एखाद्या भोकाला ते चालतं. पण पत्र्याची चढच कमी असेल, पाइप सैल असेल, तर लेपाने काही होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो लेप सुटतो. तेव्हा लेप नको, पत्रा उचलून पुन्हा बसवा, असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

तो आलाच नाही, तर दुसऱ्या जाणकार मिस्त्रीला दाखवा. दोष काय आणि दुरुस्तीला खर्च किती, हे त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या. मग पहिल्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाठवा. त्याला वकील लागतोच असं नाही. मजकूर एवढा पुरे:

“तुम्ही अमुक तारखेला माझ्या घराचं छपराचं काम इतक्या रुपयांना उक्तं घेतलं. मी इतके रुपये दिले आहेत. कामात पुढील दोष आहेत. अमुक तारखांना मी तुम्हाला कळवलं. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दोष दुरुस्त करून द्यावेत. न केल्यास मी दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेईन आणि तो खर्च व झालेलं नुकसान तुमच्याकडून मागेन.”

हे पत्र पोस्टाने, पोचल्याची नोंद मिळेल अशा पद्धतीने पाठवा. पावती जपा. प्रत स्वतःकडे ठेवा. पंधरा दिवस उलटले की दुरुस्ती करून घ्या, पण उघडून काढलेल्या भागाचे फोटो काढा, निघालेले स्क्रू, फाटलेले वायसर पिशवीत ठेवा आणि दुरुस्तीचं बिल घ्या. पाऊस थांबणार नाही, म्हणून घर उघडं ठेवून न्यायाची वाट बघत बसायची गरज नाही.

दाद कुठे मागायची?

आधी गावात. तंटामुक्त गाव मोहीम आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. ज्या गावात तंटामुक्ती समिती चालू आहे, तिथे कागद आणि फोटो घेऊन जावं. समझोता झाला तर तोही लिहून, सह्या करून घ्यावा.

तिथे मिटलं नाही तर ग्राहक आयोग. ग्राहक म्हटलं की आपल्याला साबण, तेल, मिक्सर आठवतो. पण पैसे देऊन घेतलेली सेवा हीसुद्धा त्यात येते, आणि कायद्याने घरबांधणी ही सेवा मानली आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हेच सांगितलं. आज लागू असलेला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, तो जुलै २०२० पासून अमलात आला. ग्राहकांची ही चळवळ आपल्याला परकी नाही बरं का. ग्राहक पंचायत १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी आपल्या पुण्यातूनच सुरू केली, देशात पहिला ग्राहक कायदा यायच्या बारा वर्षं आधी.

या कायद्यातल्या आपल्या उपयोगाच्या गोष्टी अशा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्याला पुण्याच्या जिल्हा आयोगात, करता येते; ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी. कामाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. आयोग दोष दुरुस्त करून द्यायला, पैसे परत करायला, नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे धरून चाला. म्हणूनच आधीच्या पायऱ्या महत्त्वाच्या.

दोन फरक लक्षात ठेवा. काम उक्तं दिलं असेल तर ती ठेकेदाराची सेवा. पण आपणच रोजंदारीवर माणसं लावली आणि आपण सांगू तसं करून घेतलं, तर तो चाकरीचा व्यवहार धरला जाऊ शकतो आणि ग्राहक कायद्यात बसवणं अवघड जातं. दुसरं, आपल्या भागात पुष्कळ जणींनी कंपनीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या आहेत. राहत्या घराचं काम सरळ ग्राहक म्हणून मांडता येतं. भाड्याच्या खोल्यांचं असेल, तर समोरचा ‘हा धंदा आहे’ असं म्हणू शकतो. तेव्हा तक्रारीआधी सल्ला घ्या.

सल्ला फुकट मिळतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. कायद्याच्या मदतीसाठी १५१०० हा क्रमांक. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. राजगुरुनगरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीची चौकशी करा.

पोलिसांत जावं का? काम खराब झालं हा बहुधा दिवाणी मामला असतो, पोलीस त्यात फार काही करत नाहीत. पण ॲडव्हान्स घेऊन कामालाच आला नाही, खोटं नाव-पत्ता दिला, धमकी दिली, तर ती वेगळी गोष्ट. तिथे तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

गट काय करू शकतो?

एकटी बाई मिस्त्रीसमोर उभी राहते तेव्हा तिला ‘किरकिरी’ म्हणतात. तिच्यासोबत चार जणी असल्या की तेच म्हणणं रास्त ठरतं. म्हणून गटांना माझी विनंती आहे. घरदुरुस्तीचं कर्ज मंजूर करताना अर्जाला कामाचा कागद जोडायला सांगा. कर्ज एका हाती देण्याऐवजी टप्प्यांनी द्या. पुढचा टप्पा देण्याआधी दोघी जणी जाऊन काम बघून येतील. जिच्या घरी काम झालं तिने कुठला मिस्त्री, किती मजुरी, पावसात काय झालं, हे इतिवृत्ताच्या वहीत लिहावं. दोन-तीन वर्षांत त्या वहीत गावातल्या चांगल्या मिस्त्रींची यादी आपोआप तयार होईल. चांगलं काम करणाऱ्यालाही याचा फायदा आहे. त्याला पुढचं काम शोधत फिरावं लागणार नाही, गटच त्याला बोलावेल.

ग्रामसंघाच्या बैठकीतही हा विषय घ्या. पाच-सहा घरांची कामं एकाच हंगामात असतील, तर पत्रे एकत्र घ्यावेत. दुकानदार भावही बरा देतो आणि जाडीत फसवायला कचरतो, कारण फसवणूक पकडली गेली तर सहा गिऱ्हाइकं एकदम जातात.

येत्या बैठकीला येताना आपल्या घरच्या छपराकडे एकदा खालून वर बघून या. उजेडाचे ठिपके मोजा, भिंतीतले पाइप हलवून बघा, जुनी बिलं शोधून ठेवा. ज्यांचं काम गेल्या दोन वर्षांत झालंय आणि अजून गळतंय, त्यांनी तारीख बघा. मुदत संपलेली नसेल तर यादी आणि फोटो घेऊन या. नोटीस आपण सगळ्या मिळून लिहू.